यंत्राचा फोटो काढताना



कोणत्याही साखर कारखान्याच्या कार्यालयात जा, भिंतीवर फोटो असतातच. बॉयलरचे अग्निप्रदीपन, गव्हाणीत मोळी टाकण्याचा समारंभ, हारतुरे घातलेले पाहुणे. माणसे सगळी ओळखू येतात. पण ज्या मिलने आपला ऊस गाळला, ती मात्र पाहुण्यांच्या पाठीमागे अर्धी झाकलेली. उद्या ती मोडीत गेली, की ती कशी होती हे दाखवायला काही उरत नाही. आता बहुतेकांच्या खिशात मोबाईल, म्हणजेच कॅमेरा आहे. तेव्हा यंत्राचा उपयोगी पडेल असा फोटो कसा काढावा, याची ही थोडी माहिती.

खोलण्याआधी

हंगाम संपला की ओव्हरहॉलिंग सुरू होते. मिल, पंप, गिअरबॉक्स सगळे उघडे पडते आणि जोडणी पुढे काही महिन्यांनी होते. खोलताना जो तो म्हणतो, "ध्यानात राहील की!" राहत नाही. आमच्याच हातून एकदा गिअरबॉक्सच्या दोन बाजूंच्या शिम अदलाबदल झाल्या. चाचणीत बेअरिंग तापले आणि सारे पुन्हा खोलावे लागले. खोलण्याआधीचा एक फोटो असता, तर दोन दिवसांची मेहनत वाचली असती.

म्हणून प्रत्येक भागाचे तीन फोटो घ्यावेत. एक दुरून, संपूर्ण यंत्राचा. दुसरा थोडा जवळून, तो भाग कुठे बसतो ते दाखवणारा. तिसरा अगदी जवळून, त्या भागाचाच. प्रत्येक फोटोत एक पाटी ठेवावी आणि तिच्यावर खडूने तारीख, यंत्राचे नाव, मिलचा नंबर आणि बाजू लिहावी. बाजू सर्वांत महत्त्वाची. डावी-उजवी असे लिहू नये, कारण उभे राहण्याची जागा बदलली की तीही बदलते. 'ऊस येतो ती बाजू', 'बगॅस बाहेर पडते ती बाजू' असे लिहिले, की घोटाळा होत नाही.

शेजारी पट्टी ठेवली तर आकाराचा अंदाज येतो. पण फोटो म्हणजे मोजमाप नव्हे. मोबाईल फार जवळ धरला की पुढचा भाग मोठा आणि मागचा लहान दिसतो. रोलरमधले अंतर, ट्रॅश प्लेटचे सेटिंग हे गेजने मोजून रजिस्टरातच लिहिले पाहिजे.

उजेड तिरपा हवा

संध्याकाळच्या तिरप्या उन्हात शेतातली प्रत्येक सरी उठून दिसते. भर दुपारी तेच रान सपाट वाटते. लोखंडाचेही तसेच आहे. समोरून फ्लॅश मारला की तेलकट पृष्ठभाग नुसता चकाकतो. फ्लॅश बंद करून एकाने बाजूने, तिरपी बॅटरी धरावी. रोलरच्या दातांची झीज, खरवड, एखादी चीर सावलीमुळे स्पष्ट दिसते. मात्र फोटोत चीर दिसली नाही म्हणजे ती नाहीच, असे समजू नये. तपासणी तिच्या पद्धतीनेच व्हायला हवी.

खिडकी यंत्राच्या मागे असेल तर कॅमेरा खिडकीचा उजेड धरतो आणि यंत्र काळे पडते. आपली पाठ खिडकीकडे करावी, आणि पडद्यावर यंत्र दिसते तिथे बोट टेकवावे. थंड खोलीतून एकदम पॅनजवळ गेले तर काचेवर वाफ धरते. थोडा वेळ थांबून, काच पुसून मगच फोटो घ्यावा.

शिकाऊ उमेदवारांसाठी

काम शिकवण्यासाठी फोटो काढायचा, तर तो कारागिराच्या खांद्यामागून काढावा. शिकणाऱ्याला आपले हात जसे दिसणार, तसेच चित्रात दिसले पाहिजेत. समोरून काढला की डावा-उजवा उलटा वाटतो. एका फोटोत एकच कृती असावी. हेल्मेट, हातमोजे, चष्मा नसेल तर तो फोटो वापरू नये. पोरं जे बघतात तेच करतात.

आधी जीव, मग फोटो

खातेप्रमुखाला विचारल्याशिवाय फोटो काढू नये. चालत्या यंत्राच्या संरक्षक जाळीच्या आत हात किंवा मोबाईल घालू नये. काम करणाऱ्याच्या डोळ्यांवर फ्लॅश मारू नये. पडद्याकडे बघत मागे सरकू नये. आधी थांबावे, मागे बघावे, मग पाऊल टाकावे. वेल्डिंगची ठिणगी उघड्या डोळ्यांनी पाहू नये. डिस्टिलरीच्या ज्वालाग्राही भागात साधा मोबाईल न्यायचाच नाही.

जुन्याची आठवण

जर्मनीतील बर्न्ड आणि हिला बेखर या जोडप्याने १९५९ पासून खाणींचे मनोरे, पाण्याच्या टाक्या, झोतभट्ट्या यांचे फोटो काढले. ढगाळ हवेत, सरळ समोरून, एकाच शिस्तीने. त्यांतल्या कित्येक वास्तू पुढे पाडल्या गेल्या. त्या आज फोटोतच आहेत. डॉर्टमुंडमधल्या त्सोलर्न खाणीचे यंत्रगृह मात्र १९६९ मध्ये पाडण्यापासून वाचले आणि आज तिथे संग्रहालय आहे. आपल्याकडेही मुंबईच्या मित्तर बेदी यांनी स्वातंत्र्यानंतर उभ्या राहिलेल्या कारखान्यांची छायाचित्रे काढली. तो काळ कसा होता, हे त्यांवरून समजते.

प्रवरानगरचा पहिला गळीत हंगाम १९५०-५१ चा. तिथून धरले तर आपल्या सहकारी साखर कारखानदारीला सत्तरहून अधिक वर्षे झाली. मिल चालवणारी वाफेची इंजिने गेली, टर्बाइन आली. आता ठिकठिकाणी विजेच्या मोटारी बसत आहेत. बदल व्हायलाच हवा. परंतु जुने यंत्र भंगारात देण्याआधी एक दिवस काढावा. चारही बाजूंनी फोटो घ्यावेत, बनवणाऱ्या कंपनीची पितळी पट्टी पुसून तिचाही घ्यावा. आणि ज्याने ते यंत्र वर्षानुवर्षे चालवले, त्याला त्याच्या नेहमीच्या जागी उभे करून एक घ्यावा.

शेवटचे काम सर्वांत सोपे, पण तेच राहून जाते. फोटो एकाच्या मोबाईलमध्ये ठेवू नयेत. मोबाईल हरवतो, बदलतो. कारखान्याच्या संगणकावर तारीखवार ठेवावेत, निवडक छापून वहीत चिकटवावेत. मग निवृत्त फिटरमंडळींना चहाला बोलवावे आणि वही पुढे ठेवावी. "हा व्हॉल्व्ह कशाला होता, मामा?" असे विचारावे आणि ते सांगतील ते फोटोखाली लिहून घ्यावे. यंत्र भंगारात गेले तरी त्याचा फोटो राहील. पण मामांच्या डोक्यात जे आहे, ते त्यांच्याबरोबरच जाईल. या ऑफ सीझनलाच सुरुवात करू या.