समवयस्कांचे न्यायमंडळ आणि वऱ्हाडी बालकाची कबुली

अल्पवयीनाच्या किरकोळ अपराधाचा विचार त्याच्याच वयाच्या मुलांनी करावा, ही कल्पना सर्वस्वी नवी नव्हे. वॉर्सा येथे डॉ. यानुश कोर्चाक यांनी १९१२ पासून चालविलेल्या अनाथालयात मुलांचेच न्यायालय भरत असे व त्याच्या संहितेतील बहुसंख्य कलमे क्षमेचीच होती. अमेरिकेत १९८३ साली टेक्सास राज्यातील ओडेसा येथे सुरू झालेल्या न्यायमंडळामुळे ही पद्धती विशेष परिचित झाली. तेथे वकील व पंच किशोरवयीनच असतात. क्षमायाचना वा समाजसेवा असा निर्णय ते देतात. तथापि यांतील बहुतेक मंडळे अपराधाची शहानिशा करीत नाहीत. बालकाने तो आधीच कबूल केलेला असतो. म्हणजे सारी इमारत कबुलीच्या एका वाक्यावर उभी असते.

भारतात असा निर्णय समवयस्कांकडे सोपविता येत नाही. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमानुसार प्रत्येक जिल्ह्यात बाल न्याय मंडळ असते व त्यात एक न्यायदंडाधिकारी आणि दोन समाजकार्यकर्ते बसतात. समज, समुपदेशन, सामुदायिक सेवा इत्यादी उपाय त्यांच्याच अधिकारात येतात. बालगृहांतील मुलांच्या समित्यांना २०१६ च्या आदर्श नियमांत स्थान आहे. परंतु त्या न्यायदान करीत नाहीत. याच अधिनियमाने बालकाविषयी आरोपदर्शक शब्द वापरू नयेत, असे तत्त्व घालून दिले आहे. शब्दांचा असा विचार कायद्यात क्वचितच आढळतो.

अमरावती-अकोल्याच्या संदर्भात या तत्त्वाची खरी कसोटी लागते. अशी कल्पना करावी की, एखादा मुलगा म्हणतो, ‘म्या सायकल नेली होती, चोरली नाई.’ लेखनिकाच्या प्रमाण मराठीत याचे ‘सायकल चोरल्याचे कबूल केले’ असे रूपांतर सहज होऊ शकते. मूळ वाक्यात कृतीचा स्वीकार आणि हेतूचा नकार आहे. लेखी वाक्यात हा भेद पुसला जातो. चोरीच्या व्याख्येत अप्रामाणिक हेतू हा आवश्यक घटक असल्यामुळे येथे केवळ शैली बदलत नाही, अपराधच बदलतो.

बालकास कामकाजाची भाषा समजत नसल्यास मंडळाने दुभाषी द्यावा, अशी अधिनियमात तरतूद आहे. मेळघाटातील कोरकू भाषक बालकाची अडचण त्यामुळे ओळखता येते, कारण कोरकू ही मुंडा कुळातील सर्वस्वी भिन्न भाषा होय. वऱ्हाडी बोलणारा मुलगा मात्र मराठी भाषकच गणला जातो. त्याचे बोलणे कळले असे सर्वांना वाटते आणि त्याचा नकार कोणाच्या ध्यानात येत नाही.

समवयस्कांचा खरा उपयोग येथेच संभवतो. त्याच बोलीतील मुलांस ‘नेली’ व ‘चोरली’ यांतील अंतर सांगावे लागत नाही. परंतु ओळखीच्या गावात गोपनीयता राखणे अवघड असते, आणि बालकाची ओळख प्रकट करण्यास कायद्याने मनाई आहे. शिवाय ‘पंच’ या शब्दामागे जातपंचायतीच्या दंडाची आठवणही असते. सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्रास २०१६ साली कायदा करावा लागला, हे विसरता येत नाही.

म्हणून शाळेतील कलहांसाठी समवयस्कांचे मंडळ इष्ट ठरेल. अपराधाचा निर्णय बाल न्याय मंडळाकडेच राहावा. मात्र तेथे बालकाचे पहिले वाक्य त्याच्याच शब्दांत नोंदले जावे. कबुलीचा अर्थ ठरण्यापूर्वी ती ऐकली गेली पाहिजे.