पायांतली ताकद गेली, तर तो नुसता अशक्तपणा नव्हे

जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्यालगतच्या नांदेड, किरकटवाडी, धायरी, खडकवासला भागांत गुलेन-बॅरे सिंड्रोमचे, म्हणजे जीबीएसचे रुग्ण अचानक वाढले. पुणे परिसरात २०० हून अधिक संशयित रुग्ण नोंदले गेले. साथ ओसरली, पण वस्तीत फिरताना एक वाक्य आम्हाला आजही ऐकू येते : "जुलाबाने अशक्तपणा आलाय, सलाईन लावू."

मेंदूचा निरोप मज्जारज्जूतून आणि नसांतून स्नायूंपर्यंत पोहोचतो. वायरवर असते तसे नसांवरही आवरण असते. दूषित पाणी किंवा अर्धे कच्चे चिकन यांतून कॅम्पिलोबॅक्टर नावाचा जंतू पोटात जातो. पुण्यातल्या काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत तो सापडला होता. त्याच्याशी लढताना क्वचित आपलीच प्रतिकारशक्ती नसांवर हल्ला करते. म्हणून जुलाबानंतर एक ते तीन आठवड्यांनी पायांना मुंग्या येतात आणि कमजोरी पायांकडून वर चढू लागते.

फसगत इथेच होते. रुग्ण शुद्धीत असतो, नीट बोलतो. घरचे निर्धास्त राहतात. वॉर्डात आम्ही नर्स मात्र शुद्धीवर थांबत नाही. हातापायांची ताकद ० ते ५ अशी मोजतो, दोन्ही बाजू ताडून पाहतो. गिळणे, नाडी, रक्तदाब आणि श्वास पुन्हा पुन्हा तपासतो, कारण कमजोरी छातीच्या स्नायूंपर्यंत गेली तर व्हेंटिलेटर लागू शकतो.

घरी एवढे पाहा :

• उकिडवे बसून आधाराशिवाय उठता येते का?
• दोन्ही हातांची पकड सारखी आहे का?
• पाणी पिताना ठसका लागतो का?
• एका श्वासात आकडे मोजताना कालपेक्षा लवकर दम तुटतो का?

जुलाबानंतर पायांची ताकद कमी होत असेल, तर त्याच दिवशी ससूनसारखे मोठे रुग्णालय गाठा. गिळायला किंवा श्वासाला त्रास असेल, तर लगेच १०८ ला फोन करा. वेळेत उपचार मिळाले तर बहुतेक रुग्ण सावरतात, मात्र महिने लागू शकतात.

जीबीएस एकाकडून दुसऱ्याला लागत नाही. रुग्णाच्या घरी जा, मदत करा. पाणी खळखळून उकळा. नळाला गढूळ किंवा वासाचे पाणी आले, तर चार घरांनी मिळून क्षेत्रीय कार्यालयात लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. स्वच्छ पाणी हा आपला हक्क आहे.