संगणकीय सहायकासाठी शोधसाधनाचे वर्णन कसे लिहावे?

पथ्यापथ्य सांगताना आपणास पाकीटबंद पदार्थांविषयी प्रश्न हटकून येतात. 2012 साली फ्रान्समध्ये सुरू झालेल्या 'ओपन फूड फॅक्ट्स' या खुल्या माहितीकोशात अशी माहिती एआय एजंट, म्हणजे संगणकीय सहायक, शोधून देऊ शकतो. मात्र कोणते शोधसाधन केव्हा वापरावे, हे तो त्या साधनाचे आपण लिहिलेले वर्णन वाचूनच ठरवितो. 'पदार्थाची माहिती देते' एवढेच वर्णन आमच्या मते निरुपयोगी होय.

उच्च रक्तदाबाचा रुग्ण घेऊ. भारतीय वेष्टनावर सोडियम मिलिग्रॅममध्ये छापतात, युरोपीय वेष्टनावर मीठ ग्रॅममध्ये. सोडियमच्या अडीचपट मीठ धरले जाते. कोशातून मिळणारे सोडियम मात्र ग्रॅममध्ये असते. म्हणून आम्ही पुढील वर्णन सुचवितो : "बारकोडवरून एका पदार्थाचे घटक व पोषणमूल्ये देते. सोडियम ग्रॅममध्ये, 100 ग्रॅममागे. रकाना रिकामा असल्यास मूल्य अज्ञात समजावे, शून्य नव्हे. नावावरून शोधण्यास हे साधन वापरू नये."

यांतील रिकाम्या रकान्याचे वाक्य सर्वांत मोलाचे. कोश मुख्यत्वे स्वयंसेवकच भरतात, तेव्हा रकाने सुटणारच. आणि ते वाक्य गाळल्यास सहायक एखादे लोणचेही बिनमिठाचे ठरवून मोकळा होईल.