फडावरच्या लेकरांचा घास



हंगाम सुरू झाला की ताडकळसच्या शिवारात ऊसतोडीच्या टोळ्या उतरतात. आईबाप पहाटेच फडात. लेकरं कोपीपाशी शिळ्या भाकरीवर दिवस काढतात. गावी राहिली असती, तर शाळेत गरम जेवण मिळालं असतं.

ही योजना देशात १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली. आरंभी आपल्याकडे महिन्याचा तांदूळ घरी दिला जाई. २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने शाळेतच शिजवलेले अन्न देण्याचा आदेश दिला. पहिली ते पाचवीच्या मुलास रोज १०० ग्रॅम तांदूळ, वर डाळ-भाजी. मिळून ४५० उष्मांक व १२ ग्रॅम प्रथिने, असे प्रमाण आहे. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने हा मुलाचा हक्कच झाला. सहा वर्षांखालच्यांसाठी अंगणवाडी आहे.

पण ताट शाळेत आणि पोर फडावर! दाखला आणायला उशीर झाला, म्हणून शाळेला प्रवेश नाकारता येत नाही. २००९ चा शिक्षण हक्क कायदा तसे सांगतो. तेव्हा टोळी उतरताच मुकादमाकडून मुलांची नावे घ्या नि जवळच्या शाळेत, अंगणवाडीत पोचवा. आपला ऊस तोडणाऱ्याचं लेकरू आपल्याच बांधावर उपाशी राहू नये.