विकत घेतलेला खेळ कोणाचा ?

संगणकावरील खेळांविषयीं आम्हीं या वयांत लेखणी उचलावी याचें वाचकांस नवल वाटेल. आमची सारी हयात जव्हार-मोखाड्याकडील शाळांतून मुलांकडून रूपावली पाठ करून घेण्यांत गेली. आमचें स्वतःचें शिक्षण म्हणजे मॅट्रिक, आणि शास्त्रीबुवांपाशीं बसून केलेलें थोडेंफार संस्कृत. खेळ म्हटला कीं आट्यापाट्या, हुतूतू आणि पावसाळ्यांत सोंगट्या, येथें आमची धांव संपते. परंतु २०२५ च्या वैशाखापासून श्रावणापर्यंत एका खेळानें आमच्या अकरा माणसांच्या घराला असें कांहीं कामाला लावलें, कीं त्यांतून निघालेले प्रश्न आम्हांला खेळाचे न वाटतां देण्याघेण्याचे वाटूं लागले.

आमच्या धाकट्या बंधूंचा मुलगा नाशिकास एका कारखान्यांत इंजिनियर होता. २०२३ च्या कार्तिकांत तो अल्पशा आजारानें गेला. त्याची पत्नी व मुलगा तेव्हांपासून जव्हारास आमच्याजवळच असतात. पुतण्याला मोटारींच्या शर्यतीच्या एका खेळाचा फार शोक. रविवारीं बाप-लेक एकाच खुर्चीवर बसून तो खेळत, असें सूनबाई सांगतात. त्या खेळाचें नांव आणि ज्या दुकानांतून तो घेतला त्याचें नांव आम्ही मुद्दामच देत नाहीं. दोष त्या एका दुकानाचा नाहीं. रीतच तशी पडली आहे.

पुतण्याचा संगणक नाशिकाहून आमच्या घरीं आला, पण येथल्या पहिल्याच पावसाळ्यांत त्याची डिस्क गेली. नवी घातली, ती अर्थातच कोरी. मुलाला त्याचें कांहींच वाटलें नाहीं. तो म्हणाला, “आजोबा, बाबांनीं विकत घेतलाय तो. पुन्हां उतरवून घेतां येतो.” त्याचें म्हणणें खरें होतें. सूनबाईंना डायरींत पासवर्डहि सांपडला. तो घातल्यावर दुकानानें कळविलें कीं संगणक अनोळखी दिसतो, तरी खातेदाराच्या मोबाइलवर पाठविलेला आंकडा भरावा. तो मोबाइल नंबर आम्हीं वर्षापूर्वींच बंद केला होता ! बंद केलेला नंबर कांहीं काळानें कंपनी दुसऱ्या गिऱ्हाइकास देते, हें आम्हांला ठाऊक नव्हतें. आम्हीं त्यावर फोन केला तों एक गृहस्थ बोलले. त्यांनीं सर्व हकीगत शांतपणें ऐकून घेतली आणि आंकडा सांगण्यास नकार दिला. त्यांचें चुकलें असें आम्ही म्हणत नाहीं. ओटीपी कोणालाहि सांगूं नये हा उपदेश आम्हींच शाळेंत शेंकडों मुलांना केलेला आहे.

मग मृत्यूचा दाखला जोडून दुकानास पत्र लिहिलें. उत्तर चार दिवसांनीं आलें. पत्र सभ्य होतें. दुःखांत सहभागी असल्याचें लिहून पुढें कळविलें होतें कीं, खातें ज्याचें त्याचेंच असतें, तें दुसऱ्याच्या नांवें करतां येत नाहीं. हें कांहीं एकट्या आमच्याच वाट्यास आलेलें नाहीं. या धंद्यांतील सर्वांत मोठें दुकान जें स्टीम, त्यानेंहि एका गिऱ्हाइकास हेंच उत्तर दिल्याचें मे २०२४ मध्यें ठिकठिकाणीं छापून आलें होतें : खातें मृत्युपत्रानेंहि कोणाला देतां येत नाहीं.

पूर्वीं असें नव्हतें. पुतण्या कॉलेजांत असतां मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून खेळांच्या तबकड्या आणीत असे. त्यांतील दोन आमच्या कपाटांत पंचांगांशेजारीं अजून आहेत, आणि त्या कोणीहि लावाव्या. हळूहळू खेळ इतके अवजड झाले कीं २०१५ सालीं ‘ग्रँड थेफ्ट ऑटो’चा पांचवा भाग संगणकासाठीं निघाला तो सात तबकड्यांवर. पण खरा फरक त्याआधींच पडला होता. १२ सप्टेंबर २००३ रोजीं अमेरिकेंतील व्हॉल्व्ह कंपनीनें स्टीम सुरू केलें. पुढील वर्षीं नोव्हेंबरांत तिचा ‘हाफ-लाइफ २’ हा खेळ बाहेर पडला, तेव्हां बाजारांतून पेटी विकत आणणारासहि नेटवर नांव नोंदविल्यावांचून तो उघडेना. तेथपासून तबकडी ही वस्तु न राहतां नुसती पावती झाली; आणि आतां तर पावतीहि हातांत येत नाहीं.

मग आमच्या पुतण्यानें पैसे मोजून घेतलें तें काय ? ज्यावर आपलें स्वत्व आहे तें दान करतां येतें, विकतां येतें, गहाण ठेवतां येतें, मागें राहिलेल्यांस मिळतें. यांतलें एकहि येथें होत नाहीं. आमच्या धर्मशास्त्रांत वापरण्यापुरत्या मागून आणलेल्या वस्तूला ‘याचितक’ असें नांव आहे. हा खेळ तसाच म्हणावा, तर याचितकाची कोणी पुरी किंमत मोजीत नसे. सप्टेंबर २०२४ मध्यें अमेरिकेंतील कॅलिफोर्निया राज्यानें याविषयीं एक कायदा केला. मालकी मिळत नसतां नुसतें ‘विकत घ्या’ असें लिहून अशा दुकानांस पैसे घेतां येत नाहींत. आपण परवाना देत आहों हें स्वच्छ सांगावें लागतें. हा कायदा १ जानेवारी २०२५ पासून लागू झाला, आणि स्टीमनें तर आदल्या ऑक्टोबरांतच पैसे भरण्याच्या पानावर तशी ओळ घातली. ओळ बारीक आहे, पण आहे.

माल परत करण्याच्या बाबतींत मात्र आम्हांला गंमत वाटली. मनूनें सांगितलेल्या अठरा व्यवहारपदांत ‘क्रयविक्रयानुशय’ म्हणून एक पद आहे. अनुशय म्हणजे पश्चात्ताप. घेतल्याचा किंवा विकल्याचा पश्चात्ताप झाल्यास मनु दहा दिवसांची सवड देतो. याज्ञवल्क्य त्याहून व्यवहारी. बियाणें पारखावयास दहा दिवस, लोखंडास एक, ओझ्याच्या जनावरास पांच, रत्नास सात, दुभत्या जनावरास तीन, असा तो वस्तु पाहून हिशोब करतो. स्टीमनें जून २०१५ पासून चौदा दिवस दिले आहेत. मात्र त्या अवधींत खेळ दोन तासांहून कमी खेळलेला असावा. मुदत मनूहून उदार आहे यांत शंका नाहीं. परंतु घड्याळ कोणाचें ? ऑगस्ट २०२० मध्यें मायक्रोसॉफ्टचा विमान चालविण्याचा खेळ आला. त्याचा मोठा भाग खेळ उघडल्यावर मग उतरे. आणि तो उतरत असतांचा वेळ खेळण्यांत धरला जातो, अशी पुष्कळांनीं तक्रार केली. म्हशीची धार काढण्यापूर्वींच तिचे तीन दिवस भरावे, तसा हा प्रकार.

वैशाखांत मुलाची लांबलेली मुंज उरकली. भिक्षावळींत आलेले पैसे त्यानें मोजून ठेवले होते. तोच खेळ त्यांतून पुन्हां घेऊं का, असें त्यानें एके दिवशीं आम्हांला विचारलें. बापानें एकदां पैसे मोजलेली वस्तु मुलानें फिरून विकत घ्यावी, हें आम्हांला मनापासून पटलें नाहीं. पण नाहींहि म्हणवलें नाहीं. खातें उघडतांना जन्मतारीख लिहावयाची होती, आणि तेरा वर्षांखालील मुलास खातें मिळत नाहीं. तो अकरांचा. “दोन वर्षं वाढवून लिहूं का ? सगळीं मुलं लिहितात,” असें तो म्हणाला. मुंज होऊन पंधरा दिवसहि झाले नव्हते. अखेर खातें सूनबाईंच्या नांवानें उघडलें. म्हणजे पैसे मुलाचे, खेळ आईच्या नांवावर, आणि उद्यां पुन्हां तोच प्रश्न.

एकत्र कुटुंबाची तर या दुकानांना ओळखच नाहीं. स्टीमनें सप्टेंबर २०२४ पासून कुटुंबासाठीं सोय केली आहे, ती अशी : एका घरांतील फार तर सहा माणसें; एकच खेळ दोघांस एकाच वेळीं खेळावयाचा तर प्रती दोन; आणि कुटुंब सोडून जाणारास, तो त्यांत आल्यापासून वर्ष उलटेपर्यंत दुसऱ्या कुटुंबांत जातां येत नाहीं. आम्हीं हे नियम जेवतांना वाचून दाखविले. “मग यांतल्या कोणत्या पांचांना वेगळं काढायचं तें आधीं ठरवा,” असें आमचें कुटुंब म्हणालें आणि ताक वाढावयास उठलें.

आतां खेळ घरीं आणण्याची कथा. त्याचें ओझें एकशें दहा जीबी. आमच्या मोबाइलवर मिळतात रोजचे दीड जीबी. आम्हीं मुलाकडूनच त्रैराशिक सोडवून घेतलें. उत्तर आलें चौऱ्याहत्तर दिवस, आणि तेवढ्या काळांत त्या फोनवर दुसऱ्या कोणीं कांहीं पाहावयाचें नाहीं. तारेच्या नेटची चौकशी केली तेव्हां वेग ‘चार एमबी’ असल्याचें कळलें. अर्ध्या मिनिटाला शंभराहून अधिक, म्हणजे काम आठ तासांत होणार, असें आम्हीं मांडलें आणि तोंडघशीं पडलों. वेग सांगतांना बिट मोजतात आणि ओझें सांगतांना बाइट. आणि आठ बिटांचा एक बाइट होतो. लांकूड गाडीच्या हिशोबानें विकावें आणि आणून टाकणारानें मोळ्या मोजाव्या, तशी ही गफलत. नव्यानें मांडल्यावर उत्तर आलें एकसष्ट तास, आणि तेहि आषाढांत एकदांहि वीज गेली नाहीं तर. जव्हारचा आषाढ ज्यांनीं पाहिला आहे त्यांना अधिक सांगावयास नको.

मोखाड्यास आमची बहीण दिली आहे. तिच्या शेजारीं नवें नेट आल्याचें कळल्यावरून संगणक तिकडे नेला. चार जीबी उतरलें नाहीं तों रस्त्याच्या कामांत कोठें तरी तार तुटली. आम्हीं चरफडलों, बहिणीला मात्र नवल वाटलें नाहीं. मध्य वैतरणेचें धरण तिच्याच तालुक्यांत आहे. त्याचें पाणी मुंबईस जातें, आणि उन्हाळ्यांत येथल्या पाड्यांवर टँकरची वाट पाहतात. “वरून जाणारं तें आपल्यासाठीं थांबत नाहीं, दादा,” एवढेंच ती म्हणाली.

सरतेशेवटीं खेळ आला तो एस्. टी.नें. पुतण्याच्या नाशिकच्या एका मित्राकडे चांगलें नेट आहे. त्याच्याकडे डिस्क पाठविली. सूनबाईंच्या फोनवर येणारा आंकडा दहा मिनिटांत कळवावयाचा असल्यामुळें त्या भर पावसांत छत्री घेऊन गच्चीवर उभ्या राहिल्या, कारण आमच्या घरांत खालीं फोन लागत नाहीं. मित्रानें एका रात्रींत सगळें उतरवून घेतलें, आणि सकाळीं त्र्यंबकावरून निघालेली डिस्क मोखाड्यावरून दुपारच्या जेवणाला जव्हारांत पोंचली. एवढ्या वेगाचें नेट आमच्या गांवांत दुसरें नाहीं.

आमच्या पुण्यांतच ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ या मंडळींनीं २०२० सालीं ‘राजी’ नांवाचा एक सुरेख खेळ केला. हरवलेल्या भावाच्या शोधांत निघालेल्या मुलीची ती गोष्ट आहे, आणि दुर्गा व विष्णु ती सांगतात. तो पुण्यांतला खेळ जव्हारास आणावयाचा झाला, तरी वाट परदेशच्या दुकानावरूनच. पोलंडमधील ‘जी.ओ.जी.’ हें २००८ पासूनचें दुकान तेवढें निराळें आहे. तेथून उतरवून घेतलेला खेळ पेनड्राइव्हवर ठेवला, तर पुढें दुकानास विचारावें लागत नाहीं. घरांतील मुलांसाठीं खेळ घेणारांनीं तेथें आधीं पाहावें. आमचा खेळ मात्र तेथें मिळत नव्हता.

आणि एवढें करून खेळ हातीं राहीलच असेंहि नाहीं. ‘द क्रू’ हा मोटारींचाच खेळ यूबिसॉफ्ट कंपनीनें डिसेंबर २०१४ मध्यें काढला होता. ३१ मार्च २०२४ रोजीं तिनें त्याचे सर्व्हर बंद केले, आणि पैसे देऊन घेतलेला खेळ एकट्यानें खेळणारासहि उघडेना. त्यावरून युरोपांत मोठी चळवळ झाली. जुलै २०२५ मध्यें तिच्या अर्जावरील सह्या दहा लाखांवर गेल्या. ‘फोर्झा होरायझन ४’ हा दुसरा खेळ १५ डिसेंबर २०२४ रोजीं दुकानांतून काढून घेतला, कारण त्यांतील मोटारी आणि गाणीं वापरण्याचे परवाने संपत आले होते. ज्यांनीं तो आधीं घेतला त्यांचा चालू राहिला, ही त्यांतल्या त्यांत बरी गोष्ट. पण विकणारा जें विकीत होता, तेंहि मागून आणलेलेंच निघालें.

आमच्या घरीं खेळ एकदांचा उघडला तो श्रावणांतील एका सोमवारीं. भोंवतीं घरांतील सगळीं जमलीं होतीं. मुलानें मोटार चालविण्यास घेतलीच नाहीं. प्रत्येक शर्यतीचा कोणीं किती वेळांत शेवट केला, याची एक यादी त्या खेळांत असते. ती काढून तो किती तरी वेळ खालीं खालीं जात राहिला. एका घाटाच्या शर्यतीच्या यादींत त्याला बापानें घेतलेलें टोपणनांव सांपडलें. पुढें वेळ होती : चार मिनिटें, अकरा सेकंद आणि कांहीं शतांश. त्यानें आईला हांक मारली. सूनबाई उभ्या राहून पाहत होत्या, त्या खुर्चीवर त्याच्याशेजारीं बसल्या.

तेव्हांपासून रोज संध्याकाळीं परवचा झाल्यावर तो तीच एक शर्यत खेळतो. बापाहून अद्यापि सहा सेकंद मागें आहे. कालपासून खेळावर ‘नवी आवृत्ति, एकतीस जीबी’ अशी पाटी आली असून ती उतरविल्यावांचून यादी दिसत नाहीं. डिस्क उद्यांच्या पहिल्या गाडीनें नाशिकास जाईल.