पोटदुखीचं घड्याळ

‘पोटात दुखतंय? ॲसिडिटी असेल.’ आपल्या घरांमधून हे निदान करायला डॉक्टर लागत नाही. ओवा, लिंबू-सोडा, नाहीतर मेडिकलमधून आणवलेली गोळी. बहुतेक वेळा निभावतंही. पण कधी कधी दुखत असतं ते जठराच्या मागे आडवं पसरलेलं स्वादुपिंड.

माझ्या जाऊबाईंचं तसंच झालं. घरात बारशाची गडबड, म्हणून दोन दिवस त्यांनी दुखणं अंगावर काढलं. तिसऱ्या दिवशी ॲडमिट केलं तेव्हा कळलं, पित्ताशयातला खडा खाली सरकून अडकला होता आणि स्वादुपिंडाला सूज आली होती. सुदैवाने त्या बऱ्या झाल्या. मी डॉक्टरांना विचारलं, “सूज उतरवायचं एवढं-तेवढं औषध असतं, मग याला का नाही?” ते म्हणाले, “उंदरांना लागू पडतं हो, माणसांना नाही.” हे काही माझ्या डोक्यातून जाईना. मग मी वाचायला घेतलं.

स्वादुपिंडात अन्न पचवणारे रस तयार होतात. ते आतड्यात पोचल्यावर कामाला लागायचे. या आजारात ते आतच जागे होतात आणि स्वादुपिंडालाच पचवू लागतात. त्यातून सूज, आणि ती भडकली तर फुप्फुसं, मूत्रपिंडंही कोलमडतात.

प्रयोगशाळेत हा आजार मुद्दाम घडवतात. सेरुलिन नावाचा पदार्थ १९६७ साली ऑस्ट्रेलियातल्या एका हिरव्या बेडकाच्या कातडीतून वेगळा केला गेला. त्याची इंजेक्शनं तासातासाने दिली की काही तासांतच उंदराचं स्वादुपिंड सुजतं. सूज उतरवणारी किती तरी औषधं अशा उंदरांवर गुणकारी ठरली आहेत. पण मेख इथेच आहे. आजार कधी सुरू झाला हे संशोधकाला मिनिटासकट माहीत असतं. औषध आधीच दिलेलं असतं, नाहीतर लगेच नंतर.

माणसाचं तसं कुठे असतं? लेक्सिपाफँट हे औषध प्राण्यांमध्ये आशादायक ठरलं होतं. ब्रिटनमध्ये २९० रुग्णांवर त्याची चाचणी झाली. दुखणं सुरू होऊन ७२ तासांपर्यंतचे रुग्ण त्यात घेतले होते. २००१ साली निष्कर्ष आले. अवयव निकामी होणं काही त्या औषधाने थांबलं नाही. तोवर आग घरभर पसरलेली असते.

एक औषध मात्र उंदरांकडून माणसांपर्यंत पोचलं. इंडोमेथॅसिन, साधं वेदनाशामक. १९७८ साली ते उंदरांवर तपासलं गेलं होतं. पित्तनलिकेतला खडा दुर्बिणीने काढतात त्या ईआरसीपीनंतर काहींना स्वादुपिंडाची सूज येते. अमेरिकेत असा धोका जास्त असलेल्या ६०२ रुग्णांपैकी निम्म्यांना या औषधाची गुदद्वारातून द्यायची वडी दिली, बाकीच्यांना तशीच दिसणारी बिनऔषधाची. २०१२ साली निकाल आला: औषधवाल्यांत ९.२ टक्क्यांना सूज आली, दुसऱ्या गटात १६.९ टक्क्यांना. त्या रुग्णांत बायकाच जास्त होत्या. इथे औषध चाललं, कारण घड्याळ हातात होतं! आता युरोपातल्या तज्ज्ञांच्या सूचनांनुसार ईआरसीपीच्या आधी अशी वडी देतात. तुमच्या घरात कुणाची ईआरसीपी ठरली, तर डॉक्टरांना याबद्दल जरूर विचारा.

पण मैत्रिणींनो, म्हणून पोटात दुखताच घरी वेदनाशामक घ्यायचं नाही हं. अंगातलं पाणी कमी झालेलं असताना अशा गोळ्या मूत्रपिंडाला बाधू शकतात. आजार सुरू झाल्यावर त्याला थोपवणारं खात्रीचं औषध आजही नाही. सलाईन, वेदना कमी करणं, सोसेल तसं खाणं आणि कारणावर इलाज, हेच उपचार. ते वेळेवर सुरू व्हायला हवेत.

म्हणून लक्षणं लक्षात ठेवा. पोटाच्या वरच्या भागात अचानक जोराचं दुखणं, पाठीत कळ जाणं, उलट्या होऊनही बरं न वाटणं, कधी ताप. अशा वेळी ओवा बाजूला ठेवून थेट दवाखाना गाठा. रक्तातल्या लायपेज किंवा अमायलेजच्या तपासणीने बरंचसं कळतं. पित्ताचे खडे बायकांमध्ये जास्त आढळतात, त्यामुळे सोनोग्राफीत खडे आहेत असं आधीच कळलेलं असेल तर अधिकच सावध राहा.

घरातलं कार्य, पाहुणे, मुलांच्या परीक्षा, यांतलं काहीही दोन तास थांबू शकतं. उंदराला औषध वेळेवर मिळतं, कारण कुणीतरी घड्याळाकडे बघत असतं. आपलं घड्याळ आपणच बघायचं.