जलाशयाकाठची सहल : शिवसागर आणि वसंतसागर

पावसाळा सरला की शाळांना सहलीचे वेध लागतात. अरण्य आणि जल यांचे एकत्र दर्शन घ्यावयाचे, तर सातारा-सांगलीकरांना दूर जाण्याचे कारण नाही. कोयनेवरील शिवसागर आणि वारणेवरील वसंतसागर हे दोन जलाशय आपल्याच सह्याद्रीच्या कुशीत आहेत.

शिवसागराच्या काठी तापोळा व बामणोली येथे नौकाविहाराची सोय असून तंबूत मुक्कामही करता येतो. बामणोलीहून नावेने जाऊन वासोटा किल्ला चढता येतो. मात्र तो कोयना अभयारण्यात असल्याने वनखात्याची परवानगी आवश्यक आहे आणि दिवस मावळण्यापूर्वी परतले पाहिजे. वसंतसागराभोवतीचे अरण्य म्हणजे चांदोली राष्ट्रीय उद्यान. त्याची वाट सांगलीच्या शिराळा तालुक्यातून जाते. ही दोन्ही अरण्ये मिळून २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला, तर २०१२ साली युनेस्कोने पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात त्यांचा समावेश केला.

नावेत प्रत्येकाने लाइफ जॅकेट घालावे, पट्टीच्या पोहणाऱ्यानेही. हे नैसर्गिक तळे नव्हे, बुडालेले खोरे आहे. डोंगराचा उतार तसाच पाण्याखाली गेल्याने काठापासून थोड्याच अंतरावर खोली वाढते.

खोरे बुडाले, म्हणजे त्यातील गावेही बुडाली. शिवसागरात सुमारे १०५ अब्ज घनफूट पाणी मावते. त्यातील बरेचसे बोगद्यांतून पश्चिमेकडे उतरून वीज निर्माण करते. उरलेले कराडजवळ कृष्णेस मिळून सांगलीकडे वाहते. वारणाही पुढे सांगलीजवळ हरिपूर येथे कृष्णेस मिळते. आपल्या वसतिगृहातील दिवा आणि शिवारातील ऊस यांच्यामागे असे कोणाचे तरी उठलेले घर आहे. प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा राज्याचा पहिला कायदा १९७६ चा. कोयनेचे धरण त्याच्या कितीतरी आधीचे. विस्थापित कुटुंबे सोलापूर, सांगली, रायगड, ठाण्यापर्यंत पांगली. भरपाई जमिनीच्या कागदावर मोजली जाते. ज्यांच्या नावावर जमीनच नव्हती, त्यांचे काय मोजावयाचे? सार्वजनिक पाण्यावर सर्वांचा समान हक्क आहे, हे २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी कृतीने सिद्ध केले. त्या पाण्याची किंमत कोणी मोजली, हे विचारणे त्याच विचाराचा पुढील भाग होय.

म्हणून सहलीस अवश्य जावे. नाव वल्हवावी, पक्षी ओळखावेत, रात्री तारे पाहावेत. प्लास्टिकचा कपटाही मागे ठेवू नये. आणि परतताना नावाड्याला एक प्रश्न आदराने विचारावा : "दादा, आपले मूळ गाव कोणते?" तो जे सांगेल, ते सहलीच्या वहीत लिहून आणावे. पाठ्यपुस्तकात नसलेला इतिहास असाच गोळा होतो.